हाशम पेंटरची जुनी फिल्म

हाशम पेंटर आमच्या एक्स-रे सेंटरमध्ये महिन्यातून एकदा यायचे, ते तपासणीसाठी नाही, रद्दी फिल्म न्यायला. श्वास घेताना हललेल्या, काळ्या पडलेल्या, पेशंटने न नेलेल्या फिल्म आमचे शिपाई जीवरामनाना एका खोक्यात टाकून ठेवत. हाशमचाचा खोक्यापुढे उकिडवे बसत, एकेक फिल्म दोन्ही हातांत धरून वाकवून बघत आणि कडक निघेल ती बाजूला काढत. छातीची फिल्म त्यांना सगळ्यात पसंत, कारण ती मोठी असते. तिच्यात ते ब्लेडने अक्षरं आणि आकडे कापायचे. मग ती कापलेली फिल्म, म्हणजे स्टेन्सिल, केळीच्या ट्रकच्या दारावर धरायची आणि वरून गनने रंग मारायचा. ट्रान्सपोर्टवाल्याचं नाव, फोन नंबर, मागच्या फाळक्यावर गाव. रावेरहून निघणाऱ्या कितीतरी ट्रकांवरचे आकडे कुणाच्या तरी बरगड्यांमधून उमटलेले आहेत, हे मला इथे नोकरीला लागल्यावर कळलं.

मी भाविका, बोदवडची. रेडिओग्राफीत बी.एस्सी. केलं आणि दीड वर्षापूर्वी जळगावच्या या सेंटरला लागले. सकाळच्या गाडीने येते, संध्याकाळच्या गाडीने जाते. एक्स-रे काढणं माझं काम, वाचणं डॉ. भूपेंद्र यांचं. पण सरांना शिकवायची हौस आहे आणि मला विचारायची सवय, त्यामुळे पेशंट कमी असले की ते एखादी फिल्म लाइटवर लावून मला वाचायला सांगत. क्रम ठरलेला. आधी नाव आणि तारीख. मग डावी-उजवी बाजू. मग बरगड्या मोजायच्या, म्हणजे श्वास पुरेसा भरलेला होता का ते कळतं. श्वासनलिका मधोमध आहे का. हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्याहून कमी आहे का. दोन्ही बाजूंचे खालचे कोपरे धारदार आहेत का, की तिथे पाणी साठलंय. शेवटी जिथे डोळा जात नाही त्या जागा: हाडाच्या आड, हृदयाच्या मागे. आणि एवढं सगळं झाल्यावर सर न चुकता विचारायचे, "जुनी फिल्म कुठेय?"

कारण एकच फिल्म फक्त आहे ते दाखवते. ते कधीपासून आहे, हे ती सांगू शकत नाही.

हाशमचाचांशी माझी ओळख झाली तीही माझ्या विचारण्याच्या सवयीने. एकदा पाऊस लागला म्हणून ते आमच्याच बाकावर बसून आकडे कापत होते. आकडा कापून झाला की आतला सुटलेला तुकडा ते फेकत नव्हते, शर्टाच्या खिशात टाकत होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले की हे उलट कामाला लागतात. पांढऱ्या दारावर हे तुकडे चिकटवायचे, सगळ्या दारावर निळा मारायचा आणि तुकडे काढून घ्यायचे, की खाली पांढरे आकडे राहतात. प्रत्येक स्टेन्सिलचे तुकडे त्यांनी एका डब्यात जपून ठेवले होते. मला ते आवडलं होतं. घरी जाऊन मी वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं, की प्रत्येक स्टेन्सिलच्या दोन बाजू असतात आणि पेंटर दोन्ही ठेवतो.

जीवरामनाना धुळ्याकडचे, अहिराणी सोडत नाहीत. खोका उपसणाऱ्या हाशमचाचांना ते दर वेळी काहीतरी टोमणा मारणार. नोव्हेंबरात एकदा म्हणाले, "बठ्ठा गावना फोटो ट्रकवर लई ग्या तू. तुन्हा बी एक काढी ले ना."

"माझा निघालाय, नाना, इथंच," हाशमचाचा म्हणाले. "त्याचाही नंबर कापून टाकला मी."

दोघं हसले. हसता हसता हाशमचाचांना खोकला आला, आणि तो लवकर थांबेना. नानांनी पाणी आणून दिलं. मी विचारलं तेव्हा समजलं की खोकला दोन महिन्यांचा आहे, विडी पाच वर्षांपूर्वी सुटली आहे आणि रंग मारताना तोंडाला रुमाल असतो. रुमालाने रंगाचे कण अडतात, थिनरची वाफ अडत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तीस वर्षं झाली, आता फुप्फुसालाही प्रायमर लागला असेल. मी त्यांना तिथेच मशीनपुढे उभं केलं.

फोटो स्क्रीनवर आला. दोन्ही फुप्फुसं लांब आणि प्रमाणापेक्षा काळी, म्हणजे हवा अडकून फुगलेली. खालचा पडदा घुमटासारखा हवा तो सपाट झालेला. दोन्हींच्या मध्ये हृदय बारीक, लोंबत्या थेंबासारखं. विडीचं आणि धुराचं फुप्फुस असं दिसतं, त्यात मला नवल वाटलं नाही. मग मी क्रमाने वर गेले. उजव्या फुप्फुसात, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधल्या जागेत, एक गोल पांढरट छाया होती. मी मोजली. बावीस मिलिमीटर. एक रुपयाच्या नाण्याएवढी.

टेक्निशियनने पेशंटला काही सांगायचं नसतं. मी त्यांना शर्ट घालायला सांगितला आणि सर बघतील म्हणाले. हाशमचाचा स्क्रीनकडे बघत बटणं लावत होते. त्यांनी एवढंच विचारलं की कापायला ही फिल्म मिळेल का.

सरांनी सीटी करायला लावला. थुंकी तपासायला पाठवली, त्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत. सीटीत गाठीची कड थोडी खडबडीत होती आणि आत चुना साठलेला दिसत नव्हता. चुना दिसला असता तर जुना व्रण म्हणून सोडून देता आलं असतं. सरांनी हाशमचाचांना आणि त्यांच्या बायकोला, शहजादीचाचींना, समोर बसवून सगळं सांगितलं. मी दारापाशी उभी होते.

सर म्हणाले, ही गाठ दोनपैकी एक आहे. एक तर कधीकाळी टीबी येऊन आपोआप बरा झाला त्याचा राहिलेला गोळा, नाहीतर कॅन्सर. या फोटोवरून दोन्ही सारखेच दिसतात. तीन महिने थांबून पुन्हा सीटी करता येईल, पण कॅन्सर असेल तर ते तीन महिने गेले. छातीत सुई घालून तुकडा काढता येईल, पण या फुगलेल्या फुप्फुसात सुई घालायची म्हणजे ते फुटायची भीती आहे आणि एकदा फुटलं तर लवकर सांधत नाही.

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "जुनी फिल्म आहे का? दोन वर्षांपूर्वीची जरी असली आणि तीत ही गाठ एवढीच दिसली, तरी मी कुणाला सुई घालू देणार नाही. कॅन्सर इतकी वर्षं एवढाच राहत नाही."

हाशमचाचांनी माझ्याकडे बघितलं. मला त्या दिवशीची थट्टा आठवली.

रजिस्टरमध्ये नोंद सापडली. जुलै २०१८. रावेरला ट्रकच्या टपावरून पडले होते, बरगडी मोडली का म्हणून एक्स-रे काढला होता. हाडाच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, बरगड्या बघितल्या, शाबूत आहेत म्हणाले आणि फिल्म परत दिली. लेखी रिपोर्ट कुणी मागितला नव्हता. बरगड्यांच्या मागे काय आहे, ते तेव्हा कुणी बघितलं नसावं. कॉम्प्युटरवर तो फोटो नव्हता. २०२१ मध्ये जुनी यंत्रणा बदलली, तेव्हाच्या डिस्क उघडत नाहीत. म्हणजे सहा वर्षांपूर्वीची हाशमचाचांची छाती जगात एकाच ठिकाणी होती, पिंप्राळ्यात त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका ट्रान्सपोर्टच्या फोन नंबरातले तीन आकडे कापलेल्या अवस्थेत.

मी सरांना सांगितलं. सर थोडं हसले आणि म्हणाले, आकड्यांच्या मधून काही दिसलं तरी चालेल, आणायला सांग.

संध्याकाळी मी जळगाव स्टेशनावर गाडीची वाट बघत होते, तेव्हा हाशमचाचांचा फोन आला. स्टेन्सिल सापडली होती. कोपऱ्यात त्यांचं नाव आणि तारीख वाचता येत होती, म्हणजे तीच. पण तिच्यावर सहा वर्षांचा रंग चढलेला होता, निळ्यावर लाल, लालवर पिवळा. उजेडाला धरली तर कडेची थोडी पट्टी सोडून काही दिसत नव्हतं.

"थिनरने पुसू का?" त्यांनी विचारलं. "स्टेन्सिल मी कधी धूत नाही, बेटी. पापुद्रा जाड झाला की फेकून देतो. ह्या फिल्मला थिनर चालतो का, तू सांग."

मी चालतो म्हणाले. विचार न करता म्हणाले नाही, चांगला विचार करून म्हणाले, कारणासकट. फिल्मचा कागद पॉलिएस्टरचा असतो, त्याला थिनर काही करत नाही. काळा रंग म्हणजे चांदीचे कण, ते जिलेटिनच्या थरात बसवलेले असतात, आणि जिलेटिनलाही थिनर काही करत नाही. पाणी मात्र लावू नका, जिलेटिन भिजतं. हे सगळं मी त्यांना नीट समजावून सांगितलं. कॉलेजात या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते. ते म्हणाले, बरं झालं विचारलं, मी पाण्यानेच घासणार होतो.

दुसऱ्या दिवशी अकराला ते आले. एकटेच होते. खांद्याला कापडी पिशवी होती, तिच्यात पत्र्याचं काहीतरी खुळखुळत होतं. जेवणाचा डबा असेल, असं मला वाटलं. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली फिल्म काढली आणि माझ्या टेबलावर उलगडली.

ती निळसर आणि आरपार स्वच्छ होती. मधे तीन आकड्यांची भोकं, सात, एक, चार. फिल्मखालच्या वर्तमानपत्रातली बातमी मला वाचता येत होती.

मी ती उचलली. कोपऱ्यातलं नावही गेलं होतं. एका कडेला बोटभर करडा डाग उरला होता आणि त्यात काहीच नव्हतं.

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. मी सांगितलं ते जुन्या फिल्मबद्दल खरं होतं, अंधाऱ्या खोलीत रसायनात धुतल्या जायच्या त्या फिल्मबद्दल. आमच्या सेंटरला २०१६ पासून कोरडा प्रिंटर आहे. त्याच्या फिल्ममध्ये चांदी जिलेटिनमध्ये नसते, प्लास्टिकच्या एका पातळ थरात असते, आणि तो थर थिनरमध्ये विरघळतो. तो प्रिंटर माझ्या खुर्चीपासून चार फुटांवर होता. दीड वर्ष मी रोज त्याच्यात फिल्मचं पाकीट भरत होते.

"आधी रंग निघाला," हाशमचाचा सांगत होते, "मग कापड काळं यायला लागलं. मला वाटलं, खालचा जुना रंग आहे. मी पुन्हा पुसलं. माझंच चुकलं, बेटी. एकदाच पुसायला पाहिजे होतं."

इथे मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. ते माझ्या समोर उभे राहून माझ्या चुकीची माफी मागत होते आणि मी म्हणाले, "असू द्या, चाचा."

"घरच्या डब्यात अजून आहे याचं थोडंफार," ते म्हणाले आणि त्यांचा हात पिशवीकडे गेला. "बघतेस का?"

मला वाटलं, आणखी रद्दी फिल्म असतील, आणखी स्टेन्सिल, कुणाकुणाच्या. खरं तर तेवढाही विचार मी केला नाही. ती निळी फिल्म माझ्या टेबलावरून लवकर दूर व्हावी, सर बाहेर यायच्या आत, एवढंच मला हवं होतं.

"नको," मी म्हणाले. "त्याचा उपयोग नाही."

त्यांनी फिल्म पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली, घड्या न पाडता, आणि पिशवीत ठेवली. सरांना मी जाऊन सांगितलं की जुनी फिल्म रंगाने खराब झालेली आहे, काही दिसत नाही. सरांनी ती बघायला मागितली नाही. मी ती बघितली, एवढं त्यांना पुरेसं होतं. ते म्हणाले, मग इलाज नाही, सुईच.

हाशमचाचांची मुलगी नाजमीन धुळ्याला दिलेली आहे. सुई टोचण्याचं काम तिथल्या एका खासगी दवाखान्यात करायचं ठरलं, म्हणजे तिच्या घरी राहता येईल. जायच्या आधी ते सेंटरला सीटीची सीडी न्यायला आले, तेव्हा मी नव्हते. जीवरामनानांनी नंतर सांगितलं की त्यांनी खोकाही बघितला आणि दोन चांगल्या फिल्म बाजूला काढून ठेवायला सांगितल्या. आल्यावर नेतो म्हणाले. नानांनी त्या खरंच वेगळ्या ठेवल्या होत्या.

पुढचं मला नाजमीनच्या फोनवरून तुकड्या-तुकड्याने कळलं. तिच्याकडे माझा नंबर होता, कारण हाशमचाचांनी तिला सांगितलं होतं की ही मुलगी सगळं नीट समजावून सांगते.

सोमवारी सुई घातली. तुकडा निघाला, पण संध्याकाळपर्यंत त्यांना श्वास पुरेना. एक्स-रे काढला, तो तिने मला मोबाइलवर पाठवला. उजव्या बाजूला बरगड्यांच्या आत नुसता काळा रंग होता, एकही नस नाही, आणि फुप्फुस आकसून मधे हृदयाला चिकटलेलं. श्वासनलिका डावीकडे सरकलेली. फोटो कशाचा आहे हे ओळखायला मला दोन सेकंदही लागले नाहीत. नाजमीनने विचारलं, यात काय दिसतं. मी म्हणाले, हवा बाहेर आली आहे, नळी घालतील.

नळी घातली. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत असतं आणि फुप्फुसातून हवा गळत असेल तोवर पाण्यात बुडबुडे येतात. मी रोज सकाळी गाडीत बसल्यावर तिला विचारायची, बुडबुडे थांबले का. ती म्हणायची, नाही. चौथ्या दिवशी ताप आला. नळीतून पू यायला लागला.

शुक्रवारी तुकड्याचा रिपोर्ट आला. नाजमीन फोनवर रडत होती, पण आनंदाने. कॅन्सर नव्हता. जुन्या टीबीची गाठ होती, बरी झालेली. तिने ते अब्बांच्या कानाशी जाऊन सांगितलं होतं. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता, त्यांनी मान हलवली होती. तिने मला विचारलं, "म्हणजे आता काळजी नाही ना, ताई?"

मी बुडबुड्यांचं विचारलं. ती म्हणाली, ते आहेत अजून.

मंगळवारी पहाटे हाशमचाचा गेले. सरांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हजारात एखादा जातो, पण अशा फुप्फुसात जास्त. त्यांनी चाचांचा सीटी पुन्हा उघडून बघितला. कड खडबडीत होतीच. त्यांचं वाचन चुकलेलं नव्हतं.

महिन्याभराने मी पिंप्राळ्याला गेले. आधी जायला हवं होतं, धीर झाला नाही. शहजादीचाची इद्दतीत होत्या, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषांसमोर यायचं नाही. पण बायका येत-जात होत्या. मी गेले तेव्हा शेजारणी नुकत्याच उठल्या होत्या. चाचींनी मला पलंगावर बसवलं, चहा ठेवला. कॉम्प्रेसर आणि गन रावेरच्या एका पेंटरने नेली होती, रंगाचे डबेही गेले होते. शेड रिकामी करून ती भाड्याने द्यायची होती. दाराजवळ एक भरलेली गोणी उभी होती.

"ते तुमचं आहे," चाची म्हणाल्या. "तुमच्या सेंटरच्या फिल्म. तो पेंटर म्हणतो, आता सगळं कॉम्प्युटरवर कापून मिळतं, मला नको. लोकांच्या छात्या आहेत, मी कचऱ्यात कशी टाकू? घेऊन जा तू."

मी गोणीचं तोंड उघडलं. वरच ती कापडी पिशवी होती. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली निळी फिल्म होती आणि तिच्याबरोबर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. मी उचलला तेव्हा तो खुळखुळला.

डब्यात रबर लावलेल्या लहान लहान जुड्या होत्या. प्रत्येक जुडी म्हणजे एका स्टेन्सिलमधून सुटलेले आतले तुकडे. त्यांतली एकच जुडी रबराऐवजी पिवळ्या दोऱ्याने बांधलेली होती आणि तिच्यात तीन तुकडे होते. सात, एक, चार. त्यांच्यावर कधीच रंग मारलेला नव्हता. ते काळेभोर होते.

मी निळी फिल्म खिडकीच्या काचेवर टेकवली आणि तुकडे एकेक करून भोकांत बसवले. ते दुसऱ्या कुणाच्या फिल्मचे असू शकतात, म्हणून आधी कडा बघितल्या. साताच्या खालच्या टोकाला ब्लेड घसरल्याची एक बारीक खाच होती. तशीच खाच फिल्मवरही होती. तुकडा तिच्यात बसला आणि हलेना.

बाहेर दुपारचं ऊन होतं. सगळी फिल्म आरपार आणि फक्त तीन आकड्यांत छाती. एकच्या आकड्यात मणक्यांची रांग होती. चारात हृदयाची डावी कड, बारीक, थेंबासारखी. सात उजव्या फुप्फुसावर आला होता, आणि त्याच्या वरच्या आडव्या पट्टीत, जवळजवळ मधोमध, एक गोल पांढरट छाया होती.

फिल्मवरचं चित्र लहान करून छापलेलं असतं, पट्टीने मोजून उपयोग नाही. म्हणून मी साताच्या तिरप्या पायात आलेली बरगडी मापाला घेतली. नव्या फोटोत गाठ बरगडीच्या रुंदीच्या दीडपटीपेक्षा जराशी मोठी होती. ती मोजणी मला पाठ होती. चाचींची सुई-दोऱ्याची पेटी खिडकीत होती. तिच्यातला दोरा घेऊन मी बरगडी मोजली, मग गाठ मोजली. तीनदा मोजली. दीडपटीपेक्षा जराशी मोठी.

चाची चहा घेऊन मागे उभ्या होत्या. "काय दिसतं त्यात?" त्यांनी विचारलं.

"ही चाचांची गाठ," मी म्हणाले. "सहा वर्षांपूर्वीची. तेव्हाही एवढीच होती."

सरांनी दोघांना समोर बसवून काय सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी चहाचा कप खिडकीत ठेवला.

"हा डबा तर त्या दिवशी ते घेऊन आले होते तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "मीच पिशवीत ठेवला होता. सगळं घेऊन जा म्हटलं, मोठी शिकलेली मुलगी आहे, तिला कळेल यातलं काय लागतं ते."

हे त्या मला लावून बोलल्या नव्हत्या. त्या फक्त आठवत होत्या.

मग मी सांगितलं. थिनर मीच लावायला सांगितला होता, चाचांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी डबा दाखवतो म्हटलं होतं, मी नको म्हणाले होते. फिल्म मी सरांना दाखवलीच नव्हती. तिच्यावर चित्र शिल्लक असतं तर गाठीच्या जागी भोक आहे हे दिसलं असतं, आणि भोकातलं कुठे गेलं हे कुणीतरी विचारलं असतं. मी हे क्रमाने सांगितलं, काही न वगळता, जसं फिल्म वाचताना सांगते तसं. सांगताना माझा आवाज बदलला नाही, त्याची मला नंतर लाज वाटली.

चाची ऐकत होत्या. बाहेर कुणाची तरी स्कूटर येऊन थांबली आणि गेली. त्यांनी हात पुढे करून काचेवरच्या फिल्ममधून सात अलगद काढला, उजेडाला धरला आणि अंगठा त्या पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला. ठिपका अंगठ्याखाली पूर्ण झाकला गेला.

"हे सेंटरचं नाही ना?" त्यांनी विचारलं. "हे त्यांचं आहे."

मी नाही म्हणाले, सेंटरचं नाही.

त्यांनी तो तुकडा ओढणीच्या टोकात बांधला. मग मला म्हणाल्या की गोणी जड आहे, रिक्षा इथपर्यंत येते, बोलावून घे. चहा गार झाला होता. मी तो प्यायले आणि गोणी उचलली.